पहिली ओळ, शेवटची ओळ

मे महिन्यात आमच्याकडे कावळासुद्धा सावली सोडत नाही, आणि हा माणूस बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घालून कारखान्याच्या आवारातून चालत जायचा. नवा माणूस थबकून बघत राही. जुन्यांपैकी कुणी मानही वर करत नसे. ‘ईडीपीचे आप्पा’ एवढं सांगितलं की नव्याची चौकशी संपायची.

माझी नाही संपली. मला नसत्या चौकशांची खोड आहे, सासूबाई तर म्हणतात की मी देवळात गेले तरी पुजाऱ्याच्या गावाची चौकशी करून येईन. तेव्हा मी साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते, हंगामी. ऊस सुरू झाला की बोलवायचे, गाळप संपलं की घरी. कामगारांची हजेरी आमच्याकडे गोळा व्हायची आणि तिथून आप्पांच्या मशीनमध्ये जायची. म्हणून रोज एकदा तरी मला ईडीपीत जावं लागे. ईडीपी म्हणजे आमचं कॉम्प्युटरचं खातं. त्या अक्षरांचा पूर्ण अर्थ मी चौघांना विचारला, चौघांनी चार सांगितले.

तर स्वेटरचं कारण मशीन. टेबलाच्या उंचीचं काळं कपाट, अंगावर दोन-तीन दिवे, आत सतत घरघर. घरातल्या कॉम्प्युटरशी त्याचं काही नातं नव्हतं. मोठमोठ्या बँकांत आणि विमा कंपन्यांत जी राक्षसी मशिनं असतात, त्यांचं हे मधलं भावंड, असं आप्पा सांगत. सगळा हिशेब, सगळ्या नोंदी, कोण कधी लागला, कुणी किती हंगाम केले, सारं त्याच्या पोटात. त्याला गारवा लागायचा, म्हणून खोलीत एसी. एमडी साहेबांची केबिन सोडली तर आख्ख्या कारखान्यात एसी तिथेच. आप्पा दिवसभर त्या गारठ्यात बसत, आणि बाहेर आल्यावर स्वेटर काढायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. चप्पल मात्र आठवणीनं बाहेर काढत. दुसऱ्यांनाही काढायला लावत. चेअरमन आले तरी.

त्यांचं गाव म्हसावद. घरी गुजरांची गुजरी बोली बोलायचे, आमच्याशी अहिराणी, आणि पुण्याहून फोन आला की एकदम छापील मराठी. तेव्हा आवाजही वरच्या पट्टीत जायचा आणि पाठ ताठ व्हायची. आम्ही दाराबाहेर उभ्या राहून हसत असू.

त्यांचं मुख्य काम होतं फाइल पाठवण्याचं. मशीनला बाहेरचं जग कळत नाही. त्याची अक्षरं साठवायची रीतच निराळी. मग कोपऱ्यातल्या एका साध्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं, ते मशीनकडून फाइल मागून घ्यायचं, तिची अक्षरं आपल्या रीतीत बदलायचं आणि पुढं धाडायचं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. रोज उसाच्या वजनाची फाइल पुण्याच्या सरकारी साखर ऑफिसला जाई. सॉफ्टवेअर सांगे, काम झालं, इतक्या ओळी गेल्या. दुसरा कुणी असता तर चहाला उठला असता. आप्पा फोन उचलत.

"पहिली ओळ वाचा," ते पुण्याला सांगत. तिकडून कुणीतरी वाचे. "आता शेवटची वाचा." तीही वाचून झाली की समोरच्या कागदाशी ताडून बघत आणि मग फोन ठेवत. एकही दिवस चुकला नाही. पुण्याची माणसं वैतागायची, म्हणायची की आम्ही मेलवर कळवतो ना. आप्पांना मेल चालत नसे. मेल पोचला हे तरी कोण सांगणार, असा त्यांचा सवाल.

मी एकदा विचारलं की पहिली आणि शेवटचीच का, मधल्यांनी काय घोडं मारलं. तेव्हा त्यांनी मला केळीचं ठिबक समजावलं. नळीला पाणी सोडलं, पहिल्या झाडाखाली टपकलं, बांधावरच्या शेवटच्या झाडाखालीही टपकलं, म्हणजे मधल्या झाडांना मिळालंच की नाही? मला पटलं. आमच्याही घरी केळी आहे.

ही पोच मागायची सवय फाइलीपुरती असती तर ठीक होतं. कँटीनमधून आमच्या टेबलावर चहा पाठवला की मागोमाग इंटरकॉम वाजायचा. पोचला का? पोचला. गरम होता का? होता. मगच ते स्वतःचा कप तोंडाला लावत. बायको माहेरी सुरतला निघाली की नंदुरबार स्टेशनवर गाडीत बसवून देत आणि मग नवापूर, व्यारा, बारडोली, दर स्टेशनला फोन. एकदा काकूंनी वैतागून व्यारा यायच्या आधीच मोबाइल बंद करून टाकला. आप्पांनी बारडोलीच्या मावसभावाला सायकलवरून प्लॅटफॉर्मवर पिटाळलं. त्यानं डबा डबा शोधला, तर काकू खिडकीला डोकं टेकून मस्त घोरत होत्या. त्यानं तसं कळवलं तेव्हा आप्पा जेवायला बसले.

मुलीच्या लग्नाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. मुलगी सासरी गेली, मांडवात रडारड, आप्पाही रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाला फोन. मुलगी कशी आहे वगैरे विचारून झालं आणि मग म्हणाले, गाडीत पहिली चढवलेली बॅग कुठली होती ती सांगा, आणि शेवटची कुठली. जावई बिचारा नवा. त्यानं खरंच जाऊन बघितलं.

लोक त्यांना हसत आणि हसताना लाडही करत. कुणाला तळोद्याहून वर डोंगरातल्या गावी जायचं असलं की मुद्दाम आप्पांना सांगून जाई, कारण जीप गावात पोचली की नाही याची फिकीर करणारा एक तरी माणूस खाली आहे, असं त्याला वाटे.

मग कारखाना विकला गेला. नव्या मालकांचं ऑफिस पुण्याला. त्यांनी येऊन सगळ्यांना सांगितलं की आम्ही कुणाला काढणार नाही, जुन्या मशीनमधल्या नोंदीप्रमाणं ज्याचे जितके हंगाम भरले असतील त्या क्रमानं हंगामी लोकांना कायम करू. माझे अकरा हंगाम भरले होते. मधे तळोद्याला एका ऑफिसात कंत्राटी काम मिळत होतं, तेही मी या हंगामांपायी सोडलं होतं. माझा नंबर पहिल्या फळीत लागणार होता. कायम म्हणजे पावसाळ्यातही काम, आणि यंदा बोलावतील की नाही म्हणून दसऱ्यापासून फोनकडे बघत बसणं बंद.

आप्पांचंही ठरलं. ते निवृत्तीला आले होते, पण नव्या मालकांनी त्यांना सल्लागार म्हणून दोन वर्षं ठेवायचं कबूल केलं. पुण्याहून तसा फोनही आला. त्या दिवशी त्यांनी आख्ख्या ऑफिसला चहा पाजला आणि प्रत्येकाला फोन केला.

हंगामाच्या तयारीला आम्हाला लवकर बोलावलं होतं, आणि त्याच दिवसांत नोंदींची फाइल पुण्याला धाडायची होती. ही फाइल कधी कुठे गेलीच नव्हती, जन्मापासून मशीनच्या पोटात. आप्पांनी नेहमीसारखी पाठवली. मालकांच्या पुण्याच्या ऑफिसात नवी एक मुलगी होती, गोड आवाजाची. तिनं पहिली ओळ वाचली, सगळ्यात जुन्या फिटरचं नाव. शेवटची वाचली, गेल्या हंगामात लागलेल्या वॉचमनचं नाव. ओळींची संख्याही जुळली. आप्पांनी फोन ठेवला आणि हुकुमाप्रमाणं मशीन बंद केलं. ती घरघर थांबली तेव्हा खोली परक्याची वाटायला लागली. आप्पा बाहेर आले, चप्पल घातली आणि परत आत गेले. खोलीत चप्पल घालून गेलेलं मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. आठवड्यात नंदुरबारचा भंगारवाला शेठ आला. जुने पाइप, मोडकी पंख्याची पाती, पाण्याचे पंप आणि ते काळं कपाट, सगळं एकाच ट्रकमध्ये गेलं. बॅकअपच्या टेपाही त्यातच गेल्या, कारण त्या वाचणारं मशीनच नसेल तर टेपा ठेवून काय करणार.

बॉयलर पेटवायचा समारंभ जवळ आला आणि पुण्याहून यादी आली. वर पत्र होतं: कर्मचाऱ्यांची नावं मिळाली, पण नेमणुकीच्या तारखा आणि हंगाम वाचता येत नाहीत. नोंद उपलब्ध नसल्यानं सर्व हंगामी कर्मचारी यंदापासून नव्यानं लागले असं धरण्यात येईल.

मी यादीत माझं नाव शोधलं. नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं, आणि त्यापुढं कोंबडी शाईतून चालून गेल्यासारख्या खुणा. माझे अकरा हंगाम तिथं असायला हवे होते.

मी यादी घेऊन तडक आप्पांकडे गेले. रिकाम्या खोलीत एसी बंद होता आणि ते स्वेटर घालून बसले होते. त्यांनी माझी ओळ बघितली. मग वरची. मग खालची. पान उलटलं, आणखी एक उलटलं. मला म्हणाले, जाय माय, मी बघस. मग उठून नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

कारखान्यात तोवर वातावरण पेटलं होतं. युनियनचे पुढारी गेटवर वजनकाट्याच्या चौथऱ्यावर चढले आणि म्हणाले की पुण्यानं आपले हंगाम गिळले. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. नव्या मालकाला जुने लोक कायम करायचे नव्हते, म्हणून त्यानं आकडे पुसले, यात न पटण्यासारखं काय होतं? ठराव झाला की बॉयलर पेटू द्यायचा नाही. घोषणा सुरू झाल्या. मी गर्दीत पुढेच होते आणि घसा फुटेस्तोवर ओरडत होते.

तेवढ्यात आप्पा आले. गर्दीतून वाट काढत चौथऱ्यावर चढले. पुढाऱ्यांना वाटलं पाठिंब्याला आले, त्यांनी हात धरून वर घेतलं.

"पुण्यावालासनी काहीच करं नही," आप्पा म्हणाले. "फाइल मी धाडी, चुकीनी धाडी. चूक मन्ही शे. मशीन नंदुरबारले शेठना गोडाऊनमा शे. चाला."

आणि उतरले.

मग जो गलका उठला तो विचारू नका. कुणी शिव्या दिल्या. कुणी म्हणालं, पुण्यानं म्हाताऱ्याला फोडला, दोन वर्षांची नोकरी फुकट देतात काय. मी स्वतः त्यांच्या अंगावर धावून गेले. म्हटलं, आप्पा, दुनियेला पोच मागत फिरलात आणि माझ्या अकरा हंगामांच्या वेळी काय झोप लागली होती? ते म्हणाले, जीपमा बस, रस्तामा सांगस.

जीपमध्ये पुढारी, मी आणि दोन फिटर. आप्पांनी सांगितलं. मशीन नावं ठेवतं सुटी सुटी, अक्षराला एक जागा. आकडे मात्र ठेवतं दाबून, पोत्यात मिरची पायानं तुडवून भरतात ना, तसे, एका जागेत दोन-दोन. रोजची वजनाची फाइल त्यांनी वर्षांपूर्वी आकडे मोकळे करूनच बनवली होती, म्हणून ती सुखरूप जायची. नोंदींच्या फाइलीतले आकडे दाबलेले होते. सॉफ्टवेअरला त्यांनी रोजच्याप्रमाणं सांगितलं, सगळं अक्षर समजून बदल. त्यानं बदललं. नावं नीट उतरली, दाबलेल्या आकड्यांचा भुगा झाला, आणि त्या भुग्यातून परत आकडे करता येत नाहीत.

"अन् मी तिले काय वाचाले लावं? नाव," आप्पा म्हणाले. "पहिलं नाव, शेवटलं नाव. दोन्ही बरोबर."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी होती आणि खाली काळ्या नळ्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

शेठचं गोडाऊन मिरची बाजाराच्या पाठीमागं. उतरल्या उतरल्या सगळ्यांना ठसका लागला. मशीन होतं. आडवं पाडलेलं, एका बाजूचा पत्रा उघडलेला, बाजूला पाने आणि छिन्नी. शेठ माणूस चांगला, पण व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासून दिलेला शब्द मोडला नाही, असं त्यांनी आम्हाला ऐकवलं. आतल्या सर्किटच्या पट्ट्यांचा सौदा सुरतच्या माणसाशी झाला होता आणि तो दुपारच्या गाडीनं येऊन सगळं फोडून नेणार होता. पुढारी चढ्या आवाजात सुरू झाले. आप्पांनी त्यांना मागं सारलं आणि शेठना जसंच्या तसं सांगितलं: माझ्या हातून चूक झाली, या मशीनमध्ये या बाईचे अकरा हंगाम आहेत, आणि अशी आणखी पुष्कळ माणसं आहेत, मला हे एकदा चालू करू द्या.

शेठनी माझ्याकडे बघितलं. मग मशीनकडे. म्हणाले, ह्यात माणसांचे हंगाम असतात होय? दाखवा तर खरं. आणि खुर्ची मागवून समोर बसले. सुरतवाल्याला त्यांनी फोनवर काय सांगितलं कोण जाणे, पण तो आला नाही.

मशीन उभं केलं, पुसलं, पत्रा बसवला. कोपऱ्यातला तो जुना कॉम्प्युटर आप्पांनी भंगारात जाऊ दिला नव्हता, तो फिटरनं जाऊन आणला. एसी कुठला, शेठच्या घरचे टेबलफॅन लावले. बटण दाबल्यावर बराच वेळ काहीच होईना. मग आत काहीतरी खरखरलं आणि ती ओळखीची घरघर सुरू झाली. आप्पांनी चप्पल काढली, बाहेर नेऊन ठेवली आणि मिरचीच्या खकाण्यात, पत्र्याखाली, घामानं निथळत स्वेटर अंगात चढवला. पुढाऱ्यांनाही हसू आलं.

त्यांनी आधी मशीनमध्येच एक नवी फाइल केली, दाबलेले आकडे उलगडून सुटे मांडलेली. मग सॉफ्टवेअरनं ती घेतली आणि एका फिटरच्या मोबाइलच्या नेटवरून पुण्याला धाडली. फोन लावून स्पीकरवर टाकला. ती गोड आवाजाची मुलगी मागच्या वेळेसारखी पहिली ओळ वाचायला लागली.

"सगळ्या वाचा," आप्पा छापील मराठीत म्हणाले. "एकही सोडू नका. आकड्यांसकट."

ती म्हणाली, सर, फार आहेत. ते म्हणाले, मी बसलो आहे.

एव्हाना बातमी लागून बरेच कामगार टेम्पो करून आले होते आणि पोत्यांवर, पाइपांवर, जागा मिळेल तिथं बसले होते. पुण्याची मुलगी वाचत गेली. नाव, गाव, तारीख, हंगाम. ज्याचं नाव यायचं तो मान हलवायचा, कुणी उगाच उठून उभा राहायचा. मधेच गेल्या पावसाळ्यात वारलेल्या, साखर शिजवणाऱ्या एका पॅनमनचं नाव आलं. तिला काय माहीत, तिनं त्याच सुरात वाचलं. सगळे खाली बघू लागले. तिला दुपार पुरली नाही, दोनदा पाणी प्यायला थांबली. माझं नाव आलं, त्यापुढं हंगाम अकरा आले, आणि मी पदर तोंडात धरला. शेठ म्हणाले, बाई, मिरची आहे, डोळ्यांना पाणी लावा. मी म्हटलं, हो, मिरचीच आहे.

बॉयलर ठरल्या दिवशी पेटला. आम्ही कायम झालो. आणि पुण्यानं आप्पांना कळवलं की गंभीर चूक स्वतः मान्य केल्यामुळं सल्लागार म्हणून नेमणं शक्य नाही. निरोपसमारंभही झाला नाही, लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे ही. लोक हळहळले आणि म्हणाले, म्हातारा भोळा, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. कुणी विचारलं तरी होतं का?

मलाही तेच टोचत होतं. पुणं सोडून सगळं जग पुण्याला शिव्या देत होतं. आप्पांना गुपचूप नंदुरबारला जाता आलं असतं, काहीतरी सबब सांगून मशीन चालू करता आलं असतं, दुसरी फाइल पाठवून ‘ही घ्या’ म्हणता आलं असतं. माझ्या कायमच्या ऑर्डरीनं त्यांची नोकरी खाल्ली, हे मनातून जाईना. शेवटी पेढे घेऊन म्हसावदला गेले.

ओट्यावर होते. स्वेटर नव्हता, बंडी होती, त्यामुळं एकदम लहानखुरे दिसले. भावाच्या केळीचा ट्रक रवाना करून ड्रायव्हरला फोन करत होते. फोन संपल्यावर मी ऑर्डर त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती नीट बघून परत दिली. मग मी विचारलंच. आप्पा, कुणाचा संशय नव्हता. एवढ्या लोकांसमोर बोलायची काय गरज होती?

"घाई व्हती," ते म्हणाले. "मशीन विकायेल व्हतं. शेठले काही सबब सांगो ते रचनी पडती, पुण्यावालाले येगळी, तुम्हले येगळी. खोटं रचाले दोन दिन लागतस. तवलोंग सुरतवाला फोडी टाकता. खरं लगेच सांगता येस."

आमच्या तालुक्यात कुणी त्याला धाडस म्हणालं होतं, कुणी वेडेपणा, कुणी विकला गेला म्हणालं होतं. घाई कुणीच म्हणालं नव्हतं.

"पण आप्पा, नोकरी जाईल हे सुचलं नाही तेव्हा?"

"सुचनं ना. गेटवर जाता जाता सुचनं."

"मग?"

आप्पांनी पुड्याचा दोरा सोडला आणि एक पेढा उचलला.

"मंग काय," ते म्हणाले, "गेट जवळच व्हतं, फिराले येळच नही व्हता," आणि पेढा तोंडात टाकला.